रेघेच्या अलीकडचे दामाजी

आमच्या ह्यांना नवीन वेबसाईट सापडली की घरातला चहा थंड होतो. मी करते वेळेवर, पण प्यायला माणूस जागेवर नको का? "वर्षाली, दोन मिनिटं ये, काय साईट आहे बघ," अशी दुकानातून हाक येते, आणि मी ओढणीला हात पुसत गेले की त्या दोन मिनिटांची वीस कधी होतात ते कळत नाही. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. कळव्यात खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत 'गुरुदत्त फोटो व डी.टी.पी.' अशी पाटी आहे, तेच. गुरुदत्त म्हणजे माझे मिस्टर. देवाचं नाव लावलंय असं समजून काही लोक जाता-येता पाटीला नमस्कार करतात, आणि हे आतून हात वर करतात. सांगून थकले, अहो, तो तुम्हाला नाहीये.

ह्यांची उमेदीची वर्षं अंधाऱ्या खोलीत गेली. ठाण्याला मामांच्या स्टुडिओत हे रोल धुवायचे. मग रोल गेले. डिजिटल आलं तेही शिकले, तोवर लोकांच्या खिशात मोबाईल आले आणि फोटो काढून घ्यायला कोणी येईना. त्या वर्षी हे दिवसभर काउंटरवर बोटांनी ताल धरून बसायचे. मला आतल्या खोलीत तो ताल ऐकू यायचा आणि जीव घाबरा व्हायचा. मग एके दिवशी कोणीतरी चार पीडीएफ एकात जोडून मागितल्या. ह्यांनी शोध शोध शोधलं आणि एक साईट सापडली. मधोमध एकच मोठं बटण, जाहिरात नाही, फसवं 'डाऊनलोड' नाही, आणि काम झाल्यावर सरळ लिहून आलं, तुमची फाईल तयार आहे. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "ज्याने ही बनवली ना, त्याने आपल्यासारख्या माणसाचा विचार केलाय गं." डोळ्यांत पाणी होतं. पीडीएफ जोडली म्हणून रडणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

त्या दिवसापासून निळी वही सुरू झाली. चांगली साईट सापडली की वहीत नाव, पुढे ती कशाच्या कामाची ते, आणि मग चांदण्या नि शेरा. वय मोजून देणारी, फॉर्मसाठी सही आणि फोटो लहान करणारी, फोटोमागची भिंत पुसणारी, दोन डोळे एकसारखे करणारी. ही शेवटची लग्नाच्या बॅनरला फार चालते. खाडीची भरती-ओहोटी दाखवणारी एक होती, तिला ह्यांनी तीन चांदण्या दिल्या आणि कौतुकाने मच्छीवाल्या जनाताईंना दाखवली. जनाताईंनी टोपली खाली न ठेवताच सांगितलं, "ती तं मना तिथीवरशी कलते." तरी हे खूश. साईट बरोबर आहे हे सिद्ध झालं म्हणे.

ह्यांचे नियमही ठरलेले. साईटने काय करणार ते आधी सांगावं. मागे यायला वाट असावी. आणि तुमची फाईल कधी पुसणार ते खाली लिहिलेलं असावं. मला मात्र कोणाचाही कागद कुठल्या साईटवर चढवला की चैन पडायचं नाही. जातो कुठे तो? कोण बघतं? हे म्हणायचे, "अगं, बारीक अक्षरं मी वाचतो ना. तू कशाला जीव जाळतेस?" मी जाळायचेच. माझा स्वभावच तो आहे, गॅस बंद केलाय का ते बघायला मी स्टेशनवरून परत आलेली आहे.

तर गेल्या माघातली गोष्ट. जनाताईंच्या मुलाचं, अनिशचं लग्न ठरलं. शुक्रवारी हळद, शनिवारी लग्न. सोमवारी दुपारी अनिश दुकानात आला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम. वर्तमानपत्र सोडलं तसा ओलसर, दमट वास आला. आत होडीच्या टोकाला उभा एक माणूस होता. होडी नुकती रंगवलेली, आणि माणसाचा चेहरा मसुराच्या डाळीपेक्षा थोडाच मोठा. बुरशीने कडा खाल्लेल्या.

"काका, बाबांचा हा एकच आहे," अनिश म्हणाला. "बाकी सगळं दोन हजार पाचच्या पुरात गेलं. कार्डबिर्ड पण. हळदीला मांडवात ठेवायचाय. मोठा करून द्या ना, चेहरा दिसला पाहिजे. मी कधी नीट बघितलाच नाहीये."

दामाजी गेले तेव्हा अनिश तीन महिन्यांचा होता. खाडीत जाळं सोडायला गेलेले, परत आले नाहीत. जनाताईंकडून मी बारा वर्षं मासे घेते, पण हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय, कोलंबी सोलता सोलता, आणि नंतर लगेच भाव सांगितला. त्यांच्यात हळदीला घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावतात, गाण्यात नाव घेऊन. मांडवात फोटो असला की त्याला पहिलं आमंत्रण. एवढी वर्षं घरात कार्यच नव्हतं, म्हणून ही फ्रेम भिंतीवर तशीच होती.

ह्यांचा धंद्यातला एक नियम आहे, आधी स्कॅन, मग हात. त्याप्रमाणे ह्यांनी काचेसकट फोटो स्कॅन केला आणि फाईल सेव्ह केली, नाव 'दामाजी हळद'. पण काचेमुळे वर धुकं येत होतं. फोटो काचेला चिकटून बसलेला. असे फोटो हे पाण्यात भिजवून सोडवतात, शेकड्याने सोडवलेत. परातीत पाणी घेतलं, काच बुडवली. पाच मिनिटांत दुधावरची साय सुटावी तसा फोटोचा वरचा थर सुटला, होडी गेली, माणूस गेला, परातीत नुसता तपकिरी गाळ राहिला. बुरशीने तो आतून पोखरलेला होता.

"अहो, हे काय केलंत?"

"स्कॅन आहे," हे म्हणाले. मग अनिशला फोन करून खरं ते सांगितलंही, की कागद गेला, पण चेहरा कॉम्प्युटरवर सुरक्षित आहे. अनिश म्हणाला, चालेल काका, मोठा करून मिळाल्याशी मतलब.

आणि त्याच दुपारी ह्यांना ती साईट सापडली. धूसर चेहरे स्पष्ट करणारी. मी नावं ठेवणार नाही, साईट खरंच सुंदर होती. पांढरं स्वच्छ पान, मध्ये फोटो टाकायची जागा, आणि खाली लिहिलेलं की एका तासात तुमचा फोटो आम्ही कायमचा पुसून टाकू. ह्यांनी दामाजींचा चेहरा कापून त्यात टाकला. अर्ध्या मिनिटात फोटो आला, आणि त्याच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ. बोटाने रेघ सरकवली की अलीकडे जुना फोटो, पलीकडे नवा. हे ती रेघ इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत बसले. धुक्यातून माणूस बाहेर यायचा, परत धुक्यात जायचा. काय भरदार चेहरा, काय डोळे. मी मच्छी साफ करत होते, हाक आली तरी गेले नाही, म्हणून ह्यांनी रेघ बरोबर नाकावर ठेवून स्क्रीनचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं, 'बघ काय साईट.'

असे दिवसाला दहा येतात. मी तो माझ्या बहिणीला, रचनाला पुढे ढकलला आणि लिहिलं, 'ह्यांनी आता मेलेली माणसंही सोडली नाहीत.' तिने हसण्याची चार तोंडं पाठवली. ती कल्याणला राहते, माझं सगळं रडगाणं तिच्याकडेच जातं.

मंगळवारी फ्रेम तयार झाली. अनिश बघतच राहिला. "काका, बाबा एवढे भारी दिसायचे?" असं दोनदा म्हणाला. मग खुर्चीवर बसला, फ्रेम मांडीवर घेतली आणि बराच वेळ काचेवरून अंगठा फिरवत राहिला. त्याच्या बॅनरचं कामही ह्यांच्याकडेच होतं. त्यावरचा त्याचा फोटो बघून त्याने समाधानाने मान हलवली आणि फ्रेम छातीशी धरून गेला. हे वहीत चौथी चांदणी काढत होते. चार चांदण्या आजवर कुठल्या साईटला मिळालेल्या नव्हत्या.

बुधवारी अकराला जनाताई आल्या. टोपली नव्हती, म्हणजे बाजारात बसल्या नव्हत्या. काखेत तीच फ्रेम, वर टॉवेल गुंडाळलेला. त्यांनी ती काउंटरवर पालथी ठेवली.

"गुरुभाव, मना जरा सांग, यो कोन हाय?"

हे हसले. "असं काय करता जनाताई? दामाजीभाऊ आहेत."

"यो माजा मानूस नाय."

त्या चिडलेल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. शांतपणे बोलत होत्या. "पोरगा कामावं जातं. घरान मी येकली बाय. कालपासना भिंतीवरशी परका बाप्या माजेकरं बघतंय. मना सारका पदर नीट करावा लागतं."

हे काहीतरी बोलायला गेले, साईट नुसतं स्पष्ट करते, आधी डोळा सवयीचा नव्हता, वगैरे. जनाताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माजा जुना फोटू होता तसाच दे. धुकट होता, पन त्यो होता." आणि जाताना फ्रेम परत काखेत घेऊन, दारात थांबून, "अनिशला नको सांगू. त्याला बाप गावलाय दोन दिस झाले. हलदीच्या आदी मी बघीन काय ते."

त्या गेल्यावर ह्यांनी कॉम्प्युटरवर 'दामाजी हळद' उघडली. तोच भरदार माणूस. फोल्डर उघडला, त्यात एकच फाईल. मग ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नवा चेहरा सेव्ह करताना कॉम्प्युटरने विचारलं होतं, या नावाची फाईल आहे, बदलू का? आणि ह्यांनी हो म्हटलं होतं. का, तर नवा इतका चांगला आल्यावर जुन्याचं काय काम?

मी बोलले. खूप बोलले. बारीक अक्षरं वाचणारे तुम्ही, लोकांना शिकवणारे तुम्ही, आणि एका बाईचा नवरा परातीत एकदा बुडवलात आणि कॉम्प्युटरात दुसऱ्यांदा. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच कसंतरी झालं. हे परत स्क्रीनकडे वळले. काउंटरवर बोटं हलायला लागली. तोच ताल, त्या वर्षीचा. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आधी शोधा. रडायचं नंतर बघू."

कचऱ्याचा डबा उघडला, नाही. पुसलेल्या फाईली परत आणणारं एक साधन निळ्या वहीत होतं, दोन चांदण्यांचं. ते लावलं. दीड तास ते फिरत राहिलं आणि हजारो फोटो घेऊन आलं. कोणाचे पासपोर्ट, कोणाचं बारसं, आमचाच महाबळेश्वरचा फोटो. आम्ही दोघं डोळे फाडून एकेक बघत होतो. झेरॉक्सला आलेल्या माणसाला मी परत पाठवलं. होडी कुठेच नव्हती. ह्यांनी साईटवाल्यांना पत्र लिहिलं, मोडक्या इंग्रजीत, की एका मयत माणसाचा एकमेव फोटो आहे. अर्ध्या तासात उत्तर आलं, अगदी सभ्य. त्यांना फार वाईट वाटलं होतं, पण वचन दिल्याप्रमाणे फोटो एका तासात पुसला होता. मी म्हटलं, एवढी प्रामाणिक साईट कशाला शोधलीत? एखादी लबाड असती तर ठेवला असता.

मग ह्यांनी ते पान परत उघडलं आणि या वेळी बारीक अक्षरं वाचली. त्यात लिहिलेलं होतं, जिथे चेहरा नीट दिसत नाही तिथे आम्ही अंदाजाने भरतो. "अंदाजाने," हे म्हणाले. "आधीच सांगितलंय गं त्यांनी. मीच वाचलं नाही. त्या रेघेतच गुंगलो."

रेघ म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. तो स्क्रीनचा फोटो! मी मोबाईल घेतला, ह्यांच्याशी झालेलं बोलणं उघडलं. आजचा 'दूध आण' सोडून आत काहीच नाही. मीच तर ते करून ठेवलेलं. ह्यांच्या साईटींनी माझ्या मोबाईलची मेमरी भरायची म्हणून, चोवीस तासांत मेसेज आपोआप गायब व्हायची सोय मी लावली होती. ती सोयही मला ह्यांनीच शिकवलेली, मोठ्या कौतुकाने. गॅलरीत सेव्ह होणं तर कधीचं बंद केलेलं. ह्यांच्याकडूनही गेलेला. स्क्रीनचा फोटो ह्यांनी सेव्ह न करताच चिकटवून पाठवला होता.

मी मोबाईल काउंटरवर पालथा ठेवला. तोवर दोष ह्यांचा होता, आता माझाही झाला. मनात यायला लागलं की जनाताई भिंतीकडे पाठ करून भात खात असतील. एकशे दहा वेळा तेच चित्र.

मग रचना आठवली. तिच्याशी झालेलं बोलणं ह्यांनी वाचू नये म्हणून माझ्या मोबाईलवरून मी रोज रात्री पुसते, पण तिच्याकडे तो फोटो असू शकत होता.

रचना खडवलीच्या पुढे एका शाळेत शिकवते. फोन ऑफिसच्या कपाटात ठेवायचा नियम, आणि तिथे रेंजचा पत्ता नाही. मी मेसेज टाकला, 'सोमवारी पाठवलेला फोटो डिलीट करू नकोस.' एकच करडी खूण. दोन वाजले, एकच खूण. तीन वाजले, तशीच. अनिशला ह्यांनी काहीतरी निमित्त काढून विचारलं, घरातल्या फोटोंत मागे ती फ्रेम कुठे आलीय का. त्याने दोन फोटो पाठवले, दोन्हींत काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा. साडेतीनला आठवलं, रचनाला दर आठवड्याला मोबाईल साफ करायची सवय आहे. कोणी लावली? मीच. चार वाजता मी देवाजवळ दिवा लावला, संध्याकाळ व्हायच्या आत. ह्यांनी बघितलं आणि येऊन हात जोडले.

सव्वापाचला दुसरी खूण आली आणि लगेच फोन. "ताई, काय झालं? गाडीची वाट बघतेय मी."

"सोमवारचा फोटो आहे का तुझ्याकडे?"

"तो मेलेल्या माणसाचा? थांब." मला पाठीमागे स्टेशनची घोषणा ऐकू येत होती. "आहे, पण धुरकट दिसतोय गं. मधे बाण आहे. मी तो उघडलाच नव्हता, तुझं वाक्य वाचूनच हसले."

"बाण दाब."

"गोल फिरतंय." हे माझ्या फोनला कान लावून उभे होते. "फिरतंयच. रेंज नाहीये ना इथे. थांब, तोडू नकोस, मी पुलावर चढते." चप्पल वाजत राहिली. "आला."

मी तिथेच बसून रडले. रचनाला वाटलं आमच्याकडे कोणी गेलं.

फोटो आला तो असा. मधोमध पांढरी रेघ, रेघेच्या पलीकडे भरदार परका माणूस, अलीकडे धुक्यातले दामाजी. म्हणजे अर्धेच. एक डोळा, अर्धं नाक, अर्धे ओठ. ह्यांच्या अंगात वारं शिरलं. गुरुवारी पहाटेपासून बसले. एक बाजू उलटी करून दुसरीकडे लावणारी साईट वहीत होतीच. अर्ध्याचा आरसा करून त्यांनी पूर्ण चेहरा तयार केला, दोन्हीकडे तेच. दहा वाजता जनाताईंना बोलावलं.

त्यांनी स्क्रीन बघितली. मान हलवली. "यो पन नाय."

ह्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अहो, मूळचा दाखवा त्यांना. रेघेचा." ह्यांना लाज वाटत होती, अर्धवट काम गिऱ्हाइकाला कसं दाखवायचं. मीच पुढे होऊन उघडला.

जनाताई वाकल्या. डोळे बारीक करून बघितलं. मग उजवा हात उचलला आणि तळवा स्क्रीनवर ठेवून पलीकडचा अर्धा माणूस झाकून टाकला. अलीकडचा राहिला. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट त्या एका डोळ्याखाली टेकवलं. "यो बघ. उजवा डोला बारीक. हसला की मिटायचा. मी बोलायचे, अर्दाच हसतंस." मग पदर तोंडाला लावला आणि तशाच उभ्या राहिल्या. तळवा काही काढला नाही.

थोड्या वेळाने हे घसा साफ करून म्हणाले, "जनाताई, मी आणखी प्रयत्न करतो. दुसरी एक साईट..."

"नको, भाव. जितका हाय तितका दे."

तितकाच दिला. ह्यांनी रेघ तेवढी काढली, नव्या बाजूचा भपका जरा कमी केला, आणि दोन्ही अर्धी जशी होती तशी शेजारी ठेवून छापली. संध्याकाळी नवी फ्रेम स्वतः नेऊन दिली. वही उघडली तेव्हा मला वाटलं त्या साईटवर काट मारतील. मारली नाही. चार चांदण्या राहू दिल्या आणि पुढे लिहिलं, 'गेलेल्या माणसांना वापरू नये.'

शुक्रवारी हळदीला आम्ही गेलो. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. अनिशला अजून काही माहीत नव्हतं आणि फोटो तर बदललेला. मांडवाच्या तोंडाशी बॅनर, त्यावर अनिश आणि नवरी ऐश्वर्या, दोघंही गुळगुळीत. आत पाटावर फ्रेम ठेवलेली. झेंडूचा जाड हार होता, पण तो मधोमध नव्हता. एका बाजूला सरकवून असा घातला होता की पलीकडचा माणूस फुलांत पार बुडाला होता.

अनिश हळदीचे कपडे घालून आला. पाया पडायला वाकला, हार वाकडा दिसला म्हणून सरळ करायला हात घातला. जनाताईंनी त्याचं मनगट धरलं.

"नको सरकवू. फुलांखाली हाय तो संगणकाचा मानूस. यो हिकरचा तुजा बापूस. अर्दाच गावला."

त्याला काही कळेना. तो एकदा आईकडे, एकदा ह्यांच्याकडे बघायला लागला. ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, आता हा पोरगा भर मांडवात फुटणार. तो गुडघ्यांवर बसला. धुकट अर्ध्या चेहऱ्याजवळ तोंड नेलं, आणि बघत राहिला. मागे बायकांनी गाणं धरलं होतं, त्यात दामाजीचं नाव येत होतं. अनिशने हळूच आपला हात उचलून स्वतःच्या उजव्या डोळ्याला लावला. तेव्हा मला दिसलं. बारा वर्षं तो पोरगा माझ्यासमोरून जातोय, हसला की त्याचा उजवा डोळा मिटतो, आणि दर वेळी फोटो काढला की आमच्या ह्यांच्याकडे येऊन तेवढा सारखा करून घेतो.

तो उठला, डोळे पुसले आणि ह्यांच्याजवळ आला.

"काका," तो म्हणाला, "उद्यापर्यंत दुसरा बॅनर होईल का? माझा डोळा होता तसा ठेवून."